खिडकींत कोंकण, हातांत ठाणें

गेल्या वैशाखांत राजापुराकडे जाण्याचा योग आला. ठाण्याहून सकाळीं मांडवी एक्सप्रेसनें निघालों. बरोबर बारा वर्षांचा नातू होता. कोंकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजीं पूर्ण लांबीनें सुरू झाली. त्यापूर्वीं आमच्या गांवीं जावयाचें म्हणजे एस. टी.त बसून रात्रभर कशेडीच्या वळणांवर पोटांतील अन्नाशीं झुंज घेणें होतें. त्या मानानें आतांचा प्रवास पालखींतला.

काम मात्र सुखाचें नव्हतें. गांवच्या घरांत आमचे वडील बंधु एकटेच राहतात, वय एक्यायशी. वहिनींना जाऊन तीन वर्षें झालीं. दादांना ठाण्यास आणावें व घरास कुलूप लावावें असें आम्हां भावंडांचें ठरलें होतें, आणि तें त्यांच्या गळीं उतरविण्याची कामगिरी मास्तर म्हणून मजवर आली होती.

पनवेल सुटलें आणि नातवानें पिशवींतून एक वस्तु काढली. मध्यें आठ इंची पडदा, दोहों बाजूंस मुठी व बटणें. प्लेस्टेशन पोर्टल असें तिचें नांव. ही २०२४ सालीं आपल्या देशांत विकावयास आली, ती १८,९९० रुपयांस. इतक्या रुपयांत आमच्या एका बहिणीचें लग्न झालें होतें. पण हें मीं मनांतच ठेवलें. "इतके मोठे खेळ एवढ्याशा डबींत मावतात तरी कसे?" मीं विचारलें.

"आजोबा, खेळ ह्यांत नाहींच मुळीं. खेळ घरीं आहे."

मग त्यानें जें सांगितलें तें वाचकांसहि रंजक वाटेल. खरें यंत्र, म्हणजे प्लेस्टेशन ५, ठाण्यास दिवाणखान्यांत टी. व्ही.खालीं असतें. तें पूर्ण बंद न करितां निद्रावस्थेंत ठेवावयाचें. गाडींतून हाक गेली कीं तें जागें होतें, खेळ तेथेंच चालवितें, आणि त्याचें चित्र दर सेकंदास साठ वेळां काढून, दाबून लहान करून इकडे धाडतें. इकडे पोरानें बटण दाबलें कीं ती आज्ञा तिकडे जाते. संजयानें धृतराष्ट्रास कुरुक्षेत्र सांगितलें तें आठवलें. परंतु धृतराष्ट्रास बसल्या जागेवरून एकहि बाण सोडतां आला नाहीं. ह्या पोरास तो सोडतां येतो.

ह्या वस्तूस स्वतःचें सिमकार्ड नाहीं. तिला वाय-फायच लागतें. म्हणून प्रवासांत माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट कामीं आला, आणि येथेंच मला गणित करावें लागलें. कंपनीच्या सांगण्याप्रमाणें निदान ५ मेगाबिट दर सेकंदास लागतात. चित्र चांगलें हवें तर १५. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हां १५ च्या वेगानें तासाभरांत पावणेसात गिगाबाइट खर्ची पडतात. माझी पेन्शनराची योजना रोजच्या दोन गिगाबाइटांची! ती अठरा मिनिटांत आटोपली असती. ५ च्या वेगानें पाऊण तासाहून थोडी अधिक पुरली, आणि माणगांव यावयाच्या आंत संपली. पुढचा खर्च त्याच्या बापानें ठाण्याहून परस्पर भरला. हल्लींचे बाप!

आणखी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. घरच्या जोडणीचा येण्याचा वेग कितीहि असो, ह्या कामीं तिचा बाहेर पाठविण्याचा वेग महत्त्वाचा. कारण येथें देणारें घर आणि घेणारे आपण.

खेळ मोटारींच्या शर्यतीचा होता. मधूनमधून पोरगा कुरकुरे, "उशीर होतोय." मला वाटलें, दूर आलों म्हणून. पण हिशेब तसा नाहीं. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर जातो. ठाणें-राजापूर अंतर त्याला दोन सहस्रांश सेकंदांचें. वेळ मोडतो तो मुक्कामांवर: मोबाइलच्या मनोऱ्यापाशीं रांग, चित्र दाबणें, मग तें उलगडणें. सेकंदाचा दहावा भाग गेला तरी सहा चित्रें मागें पडलीं, आणि तेवढ्यांत मोटार कठड्यावर आदळते. आमच्या गाडीचेंहि तेंच चाललें होतें. वीरच्या पुढें रूळ एकेरी. समोरची गाडी येईपर्यंत एका लहान स्टेशनांत आम्ही वीस मिनिटें उभे. धांवण्यांत उशीर होत नाहीं, थांबण्यांत होतो.

चिपळूण गेलें, वाशिष्ठी गेली, फणसांनीं लगडलेलीं झाडें गेलीं. "अरे, बाहेर पाहा," असें मीं तीनदां म्हटलें. शेवटीं माझ्या मदतीस सह्याद्रि आला. उक्षी सोडल्यावर करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटर लांबीचा, ह्या मार्गावरील सर्वांत मोठा. आंत शिरतांच चित्राचे चौकोन झाले, मग तें गोठलें, मग पडदा काळा. पांच मिनिटें खाली हात. बाहेर पडतांना त्यानें खिडकीबाहेर पाहिलें आणि विचारलें, "हा डोंगर आपण आंतून ओलांडला?" रत्नागिरी सोडल्यावर पानवलचा पूल आला तेव्हां तो आपण होऊन उठला. चौसष्ट मीटर खालीं ओढा पाहून म्हणाला, "बाप रे!" त्या 'बाप रे'साठीं मीं त्याला गुळाची वडी दिली.

गांवीं पोंचलों तों दिवस कलला होता. घरांत रेंज नाहीं. गोठ्यामागच्या दरडीवर, रायवळ आंब्याखालीं, उभें राहिलें तर येते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पोरगा तेथें जाऊन बसला आणि थोड्या वेळानें रडवेला होऊन परतला. घरचें यंत्र हांकेस ओ देईना. फोन केला तेव्हां उलगडा झाला. सूनबाई मुलासह लग्नास निघाल्या होत्या. निघतांना आमच्या सौभाग्यवतींनीं "उगीच दिवा जळतोय" म्हणून भिंतीवरचें बटण बंद केलें, आणि त्याहि त्यांच्याबरोबर गेल्या. घरांत कोणी नाहीं. वीज तोडली कीं तें यंत्र पूर्ण बंद होतें. पुन्हां वीज दिली तरी कोणी जवळ जाऊन सुरू करावें लागतें. येथून कितीहि हांका मारा.

दादा माजघरांत सुपारी कातरीत होते. त्यांनीं पोरास जवळ घेतलें आणि सगळें नीट विचारून घेतलें, अगदीं हातांत ती वस्तु घेऊन, उलटीपालटी करून.

"म्हणजे घरीं कोणी तरी तें जागतें ठेवलें पाहिजे?"

"हो, मोठे आजोबा."

"नाहीं ठेवलें तर तुम्ही जगाच्या पाठीवर कुठेंहि असा, उपयोग नाहीं?"

"नाहीं."

दादांनीं अडकित्ता खालीं ठेवला. माझ्याकडे न पाहतांच म्हणाले, "ऐकलेंस रे? गणपतीला तुम्ही चौदा माणसें येतां. दार उघडें असतें, देव पुजलेले असतात, विहिरीवर रहाट चालतो. मी दुसरें काय करतों इथें?"

मला उत्तर सुचलें नाहीं. पस्तीस वर्षें वर्गांत उत्तरें सांगितलीं. तीं पुस्तकांतलीं होतीं.

रात्रीं ठाण्याचीं माणसें घरीं परतलीं आणि यंत्र सुरू झालें. दुसरे दिवशीं सायंकाळीं दादा काठी टेकीत दरडीवर गेले. पोरानें त्यांच्या हातीं मुठी दिल्या; पहिल्याच वळणावर मोटार उलटली. "ही पडली ती ठाण्यास ना?" त्यांनीं विचारलें, आणि दोघे इतके हंसले कीं गोठ्यांतली गाय मान वर करून पाहूं लागली.

चौथ्या दिवशीं आम्ही निघालों. रिझर्वेशन तिघांचें काढलें होतें; एक मीं आदल्या रात्रीं रद्द केलें. भावंडांना काय सांगावें हें रत्नागिरीपर्यंत ठरेना. पोरगा ह्या खेपेस खिडकीपाशीं बसला होता. पिशवी वरच्या फळीवर होती, आणि करबुडें अजून आलें नाहीं ना, असें तो दर पांच मिनिटांनीं विचारीत होता.