पाऊण तासाचा अबोला

ताई मॉरिशसला, दादा रियुनियनला. दोन बेटांच्या विमानतळांमध्ये साधारण २३० किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर-पुण्याहून कमीच. फ्लाइट जेमतेम पाऊण तासाची. त्यातला बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. पण भवानी पेठेतल्या घराच्या वाटणीवरून दोघांत चार वर्षं अबोला! मॉरिशसमध्ये मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, गणेश चतुर्थीला चक्क सरकारी सुट्टी असते. रियुनियन पडलं फ्रान्सचं, तिथे कुठली सुट्टी? यंदा आईने फोनवर दादाला सरळ सांगितलं, "रजा टाक आन् जा. पुण्याला जाऊन येतो म्हणायचं." दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "ताई मोदक अजून तळणीचेच करते का गं?"