हळद, चुना आणि दोन पेले पाणी

पाच वर्षांच्या मुलाला विज्ञान शिकवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न नोकरीत असताना माझ्यापुढे कधी आला नाही. मी शिकवीत होते ते आठवी ते दहावीचे वर्ग. तो प्रश्न आला निवृत्तीनंतर, सांगलीच्या आमच्या घरात, नातीच्या रूपाने. मुलगा आणि सून कामावर जातात, बालवर्ग साडेअकराला सुटतो आणि पुढचा दिवस आम्हा दोघींचा असतो. पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते, असे ती पाठ करून आली. मी म्हटले, "घोट घे आणि सांग." बोअरचे, नळाचे आणि माठातले पाणी चवीला वेगवेगळे लागते, हे तिने त्याच दुपारी मला सांगितले. पाठ केलेले वाक्य आणि जिभेवरचे पाणी यांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा, हा तिचा पहिला धडा झाला. तो मी योजलेला नव्हता.

दुसरा धडा हळदीने दिला. सांगलीत हळदीला तोटा नाही. येथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची जुनी रीत होती. आमच्याकडे मात्र ती आली फ्रॉकवरच्या आमटीच्या डागातून. डागाला साबण लावताच तो लाल झाला आणि नात ओरडली, "आज्जी, रक्त!" मी उत्तर दिले नाही. तीन वाट्यांत हळदीचे पाणी केले. एकीत लिंबू पिळले, दुसरीत साबणाचे पाणी घातले, तिसरीत पानाला लावतात तो चुना कणभर कालवला. (चुना मी स्वतःच हाताळते. तो डोळ्यांत गेला तर मोठी इजा करतो, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.) लिंबाची वाटी पिवळीच राहिली, साबणाची तांबूस झाली, चुन्याची लालभडक. मग लाल वाटीत लिंबू पिळत गेलो, तशी ती पुन्हा पिवळी झाली. "परत आलं!" म्हणून तिने टाळ्या पिटल्या आणि घरातली सगळी लिंबे संपेपर्यंत तोच उद्योग चालला. हळद ही आम्ल-आम्लारी ओळखणारी दर्शक आहे, हे मी तिला सांगितलेले नाही. ते आठवीत कोणीतरी सांगेलच. मी एकच नियम घातला: वाटीत काही टाकण्याआधी काय होईल ते बोलायचे, मग टाकायचे, आणि चुकले तर हसायचे.

याच लाल पाण्याने खेडोपाडी किती घरे घाबरवली गेली! हळद आणि चुना यांच्या पाण्याला रक्त म्हणून दाखवणारे बुवा मी ऐकलेले आहेत. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. पुढे समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून असे चमत्कार करून दाखवीत आणि लगेच त्यांची कृती सांगत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉक्टरांची हत्या झाली. माझ्या नातीला यातले काही ठाऊक नाही. पण लाल पाणी तिच्यासमोर कोणी धरले, तर ती प्रथम लिंबू मागेल.

आपल्या वसतिगृहात सायंवंदनेनंतर गुरुजी कालामसुत्त समजावून सांगत. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा आदरणीय माणूस सांगतो, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. चौदाव्या वर्षी मी ते केवळ ऐकले. घरात पाच वर्षांचे मूल ते आचरू लागले की मोठ्यांची गैरसोय होते. विहारात नातीने विचारले, "मूर्तीला वास येत नाही, मग फुलं कशाला?" फुले मूर्तीसाठी नसतात, ती कोमेजताना आपण पाहावीत यासाठी असतात, असे मी म्हणाले. तिने झेंडूचे एक फूल घरी आणून खिडकीत ठेवले आणि ते रोज पाहिले. माझे उत्तर तिने तूर्त मान्य केले आहे.

गेल्या ७ नोव्हेंबरला, विद्यार्थी दिनी, तिला बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाची गोष्ट सांगितली. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्यांचे नाव दाखल झाले. पण नळाला त्यांना हात लावता येत नसे. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे. पुढच्या वर्षी ते भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले. रामजीबाबा खटाव तालुक्यात गोरेगावला, दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता तेथे, खजिनदार होते. मसूर स्टेशनवर मुले उतरली, दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली. रात्री नाक्यावर पाणी मागितले, ते मिळाले नाही. शिदोरी जवळ असून मुले उपाशी झोपली. वडील तलावाच्या कामावर, आणि मुलांना घोटभर पाणी नाही! माझ्या वडिलांच्या लहानपणी माण तालुक्यातल्या आमच्या गावीही आपला आड वेगळाच होता.

नातीने सगळे ऐकून विचारले, "त्यांनी हात लावला असता तर पाण्याला काय झालं असतं?"

साठ वर्षांत हा प्रश्न मला अनेकांनी विचारला, पण नेहमी रागाने. उत्तर हवे म्हणून विचारणारी ही पहिलीच. मी म्हटले, "करून पाहू." दोन पेले भरले. एकात तिने बोट बुडवले, दुसऱ्याला हात लावला नाही. ओळखीसाठी बोटाच्या पेल्याला लाल दोरा बांधला. तिने वास घेतला, उजेडात धरून पाहिले. मग स्वतःच म्हणाली, "हळद टाकू." दोन्ही पेले सारखेच पिवळे झाले. तरी तिचे समाधान होईना. कदाचित उशिरा कळत असेल, असे तिचे म्हणणे पडले. ही शंका मला फार आवडली. मग दोन करवंट्यांत माती भरून मेथी पेरली, आणि रोज एकीला बोट बुडवलेले, दुसरीला न बुडवलेले पाणी घातले. चौथ्या दिवशी दोन्हींत कोंब वर आले. तिने ते बोटाने मोजायचा प्रयत्न केला, मोजणी चुकली, पुन्हा मोजले.

"सारखंच आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मग त्या माणसांना कुणी करून दाखवलं नाही?"

दाखवले, असे मी म्हणाले, आणि महाडची गोष्ट सांगितली: २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांसह बाबासाहेब चवदार तळ्याकडे चालत गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायले.

"मग त्यांनी मान्य केलं?"

"लगेच नाही," एवढेच मी सांगितले. नंतर तळे 'शुद्ध' करण्यासाठी त्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतल्या गेल्या, आणि न्यायालयातला वाद १९३७ पर्यंत चालला, हे अजून तिला सांगायचे आहे. पंचगव्य म्हणजे काय, हे ती आधी विचारील. ते कळले की कितव्या घागरीनंतर ते पाणी पिण्याजोगे राहिले नसेल, हेही विचारल्यावाचून ती राहणार नाही.