झाशीची रोजीरोटी

साठ-सत्तरच्या दशकात झाशीतल्या मराठी घरात नवा पाहुणा आला, की चहाच्या आधी प्रश्न यायचा, ‘कशात आहात?’ उत्तर बहुधा ठरलेलं: रेल्वेत. कुणी गार्ड, कुणी तिकीट कलेक्टर, कुणी वर्कशॉपमध्ये फिटर, कुणी कचेरीत हेडक्लार्क. उरलेले वकील, मास्तर, नाहीतर पूजाअर्चा करणारे. आज तोच प्रश्न विचारला तर माणूस स्वतःची पेन्शन सांगून मोकळा होतो आणि मग मुलाचं सांगू लागतो. मुलगा असतो पुण्यात, नाहीतर नोएडात.

मराठी माणूस झाशीला आला तोच मुळी पोटासाठी. 1742च्या सुमारास पेशव्यांचे सरदार नारोशंकर यांनी किल्ल्याखाली शहर वसवलं, पुढे नेवाळकरांची सुभेदारी आली आणि कारकून, शिलेदार, पुराणिक, आचारी अशी माणसं कोकणातून नि देशावरून इकडे सरकली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत निघाले ते डोक्यावरचं कर्ज फेडायला. झाशीत त्यांना राणीसाहेबांचा आश्रयही मिळाला. पण एप्रिल 1858मध्ये ह्यू रोजच्या इंग्रजी फौजेने शहर लुटलं आणि घरी पोचले तेव्हा त्यांच्यापाशी गंगाजलाच्या कावडीखेरीज फारसं काही नव्हतं. दरबार गेला तशी त्याच्या आधाराने जगणाऱ्यांची मिळकतही गेली.

मग आली रेल्वे. 1886मध्ये शिंद्यांना ग्वाल्हेरचा किल्ला परत देऊन इंग्रजांनी झाशी आपल्याकडे घेतली आणि दोन-चार वर्षांत इथे मोठं जंक्शन उभं राहिलं. 1895मध्ये वॅगन दुरुस्तीचा कारखाना निघाला. 1900मध्ये झाशीची लाईन जीआयपी रेल्वेत मिसळली आणि झाशीचे हुकूम थेट मुंबईच्या बोरीबंदरहून सुटू लागले. पुढे मध्य रेल्वे झाली, तरी मुख्यालय मुंबईतच राहिलं. भुसावळ, दौंड, सोलापूरच्या कुटुंबांना झाशी म्हणजे बदलीचं एक गाव एवढंच होतं. पंजाब मेलमधून ट्रंका, वळकट्या आणि बरणीतलं लोणचं उतरायचं. रेल्वे कॉलनीत गणपती बसायचा, त्याची वर्गणी पगाराच्या दिवशीच गोळा व्हायची. त्या दिवशी सीपरी बाजारात किराणावाला उधारीची वही उघडून बसलेला असे आणि संध्याकाळपर्यंत निम्मी पानं खोडली जात. बाप निवृत्त झाला की पोरगा खलाशी म्हणून तरी चिकटेल, ही खात्री घराघरात होती.

2003च्या एप्रिलात झाशी विभाग नव्या उत्तर मध्य रेल्वेकडे गेला. मुख्यालय आलं अलाहाबादला. कागदावर एक बदल झाला, पण त्याने मुंबईकडून येणाऱ्या बदल्यांची वाट बंद केली. वाफेची इंजिनं त्याआधीच गेली होती, आणि त्यांच्याबरोबर कोळसा टाकणारे फायरमन, बॉयलर धुणारे, क्लीनर अशा कितीतरी हातांचं कामही. आज वर्कशॉप चालू आहे, वॅगन दुरुस्त होतात, पण झाडलोट आणि हमालीसारखी कामं ठेकेदाराकडे असतात. स्टेशनला राणीचं नाव लागलं आहे.

रेल्वेच्या खालोखाल मान होता भेलला. 1974मध्ये खैलारला ट्रान्सफॉर्मरचा कारखाना उभा राहिला, पुढे तिथे विजेची इंजिनंही बनू लागली. भेलमध्ये लागलेल्या मुलाला स्थळं सांगून येत. त्याहून जुना वैद्यनाथचा औषधांचा कारखाना. तिथला आसवं-अरिष्टांचा वास आमच्या पिढीच्या नाकात अजून आहे.

मात्र या आठवणी शहराच्या आहेत आणि त्यातही पगारदारांच्या. तेव्हाची झाशी सगळ्यांनाच सुखाची होती, असं म्हणणं खोटं ठरेल. जिल्ह्यातल्या खेड्यांत कधीच ठरलेला पगार नव्हता. मऊरानीपूरला एके काळी आल नावाच्या झाडाच्या मुळांच्या लाल रंगात रंगवलेलं खारव्याचं कापड व्हायचं, दूरदूरच्या बाजारात जायचं. विलायती रंग आले आणि आलची शेतीही संपली, रंगाऱ्यांचं कामही. शेजारच्या रानीपूरने हातमाग टिकवले, पुढे टेरिकॉट विणून यंत्रमागही धरले, पण सुरतच्या कापडापुढे भावात ते हरत गेले. माग बंद करून कित्येक घरं त्याच सुरतेला कामाला गेली. बरुआसागरचं आलं आणि मऊरानीपूरचा भुईमूग अजून बाजारात आहेत, पण बुंदेलखंडात पाऊस दगा देतो त्या वर्षी शेतकऱ्यालाही गाडी पकडावी लागते.

ही गाडी कुठे जाते, ते आपण मे 2020मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत पाहिलं. मुंबईहून रिक्षा, टेंपो, ट्रक भरून माणसं निघाली आणि झाशीच्या रक्सा सीमेवर अडकून पडली. वरसईचा भट ज्या दिशेने पोट घेऊन आला, त्याच्या उलट दिशेने बुंदेलखंड आज महाराष्ट्रात पोट भरायला येतो.

आता नव्या घोषणा आहेत. 19 नोव्हेंबर 2021ला, राणीच्या जयंतीदिवशी, संरक्षण उद्योगांच्या कॉरिडॉरमध्ये क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या भारत डायनॅमिक्सच्या कारखान्याची पायाभरणी झाली. बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरण 33 गावांच्या जमिनीवर नवं औद्योगिक शहर बांधायचं म्हणतं आहे. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत झाशीच्या वाट्याला कापडी खेळणी आली आहेत, बायका घरबसल्या ती शिवतात.

दरबार, बोरीबंदर, भेल, कॉरिडॉर: झाशीत मोठा रोजगार नेहमी दूरच्या हुकमाने आला, आणि बरेचदा दूरच्याच हुकमाने गेला. गावाने स्वतःच्या हाताने उभं केलं ते रानीपूरचं विणकाम आणि बरुआसागरचं आलं, आणि नेमकं त्यांच्याकडेच कुणी लक्ष दिलं नाही. क्षेपणास्त्रांचा कारखाना येतो आहे, नवं औद्योगिक शहरही, ते येऊ दे. पण त्या 33 गावांतल्या पोरांना तिथे लेथवर उभं राहायचं शिक्षण आधी मिळायला हवं. नाहीतर जमीन त्यांची जाईल, नोकरी दुसऱ्या कुणाची होईल, आणि ती पोरं झेलम एक्स्प्रेसने पुण्यालाच येतील.