बोरीबंदर ते पायधुणी

आमच्या आजोबांचे बार्शीस कापडाचे दुकान होते. लग्नसराईपूर्वी आणि दिवाळीपूर्वी अशा वर्षातून दोन खेपा ते मालाच्या खरेदीसाठी मुंबईस करीत. बार्शी लाइटने कुर्डुवाडी, तेथून मोठ्या गाडीने बोरीबंदर आणि पुढे ट्रामने पायधुणी, हा त्यांचा ठरलेला मार्ग. गोडीजी पार्श्वनाथांचे दर्शन घेतल्यावाचून ते मूळजी जेठा मार्केटात पाऊल ठेवीत नसत. लहानपणी वडील त्यांच्यासमवेत एकदोनदा गेले होते. परवा मुंबईस जाण्याचा योग आला, तेव्हा वडिलांनी त्याच वाटेने जाण्याची इच्छा व्यक्त केली.

ही वाट मुंबईच्या ट्रामच्या पहिल्या दोन वाटांपैकी एक. 9 मे 1874 रोजी घोड्यांनी ओढावयाच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून येई, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून. दोन्हींचे टोक पायधुणीच होते. भोवती कापडबाजार, सराफबाजार आणि पेढ्या, तेव्हा यात नवल ते काय? प्रारंभी भाडे तीन आणे होते. उतारू वाढताच ते दोन आण्यांवर आले. थोडा नफा, मोठी उलाढाल हे सूत्र आपणां व्यापाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

1907 मध्ये घोडे सुटले आणि ट्राम विजेवर धावू लागली. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली. 1937 मध्ये दुमजली बस आली. 7 ऑगस्ट 1947 रोजी हा सारा कारभार महापालिकेच्या हाती गेला. पुढे 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदराहून दादरकडे शेवटची ट्राम गेली आणि नव्वद वर्षांचा हिशेब पूर्ण झाला.

ट्राम आणि बस यांत एक मोठा भेद आहे. ट्रामचा मार्ग लोखंडाचा. रूळ एकदा टाकले की वाट सहजासहजी बदलत नसे; तिच्या भरवशावर दुकानाची जागा निवडता येई. बसचा मार्ग मात्र कागदावरचा. शहर उपनगरांकडे पसरले, तशी बस त्याच्यामागे धावली. रुळांना हे साधले नसते. परंतु जी रेघ सहज ओढता येते, ती सहज पुसताही येते.

आम्ही बोरीबंदराहून बसने निघालो. वडील खिडकीतून एकेक ओळखीची खूण शोधीत होते. मोहम्मद अली मार्गावर आता लांबलचक उड्डाणपूल आहे. त्यावरून जाणाऱ्यास पायधुणी दिसतही नाही. खाडीचे पाणी तुडवून आलेले लोक येथे पाय धूत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. आज ते पाणीही नाही आणि रूळही नाहीत. गोडीजींचे मंदिर मात्र तेथेच आहे.

दर्शन घेऊन आम्ही आमच्या जुन्या पेढीवर गेलो. निघताना वडिलांनी विचारले, “परतीस कितव्या क्रमांकाची बस?” शेटजी क्षणभर घुटमळले. “काका, बसमध्ये बसून वीस वर्षे झाली असतील. गाडी बोलावतो ना.” तेवढ्यात गाठोडी बांधणाऱ्या कामगाराने मान वर न करता बसचा क्रमांक, थांबा, एवढेच नव्हे तर ती साधारण किती वाजता येते तेही सांगितले.

परतीच्या वाटेवर वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुझ्या आजोबांना ट्रामची वेळ तोंडपाठ होती रे. मालक आणि हमाल एकाच बाकावर बसत.”

ते वाक्य मनातून जात नाही. आपला माल आता फोनवर मागविला जातो आणि आपण मोटारीतून फिरतो. बसमार्ग बदलल्याची बातमी आपण वाचतही नाही. मात्र सकाळी दुकानाचे कुलूप उघडणारा माणूस त्याच बसने येतो, आणि पिशवी घेऊन येणारे किरकोळ गिऱ्हाईकही. एखादा मार्ग बंद झाला, तर त्याची नोंद आपल्या खतावणीत होत नाही. कोणाच्या तरी पायपिटीत होते.

पुढील खेपेस मुंबईस गेलात, तर एकदा बोरीबंदराहून बसनेच पायधुणीस जा. आणि आपल्या गावी परतल्यावर दुकानातील माणसांना विचारा, “तुम्ही कसे येता?”