मायने ओळखलेले झाड

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अंगणात एक उंच झाड आहे. बारा वर्षे त्याच्यापुढे ‘शालवृक्ष’ अशी पाटी होती. ती पाटी आम्ही भावंडांनीच रंगवली होती. पाटी चुकीची होती. आणि ती चुकीची आहे असे पहिल्याच दिवशी सांगणाऱ्या माणसाला चारचौघांत गप्प बसवणारेही आम्हीच. ते माणूस म्हणजे आमची माय.

2006 हे धम्मदीक्षेचे सुवर्णमहोत्सवी वर्ष. त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला विहारात एक झाड लावायचे समितीने ठरवले. पिंपळ आधीपासून होताच. मग कोणीतरी शालवृक्ष सुचवला. सिद्धार्थाचा जन्म लुंबिनीच्या शालवनात झाला आणि तथागतांचे महापरिनिर्वाण कुशीनारा येथे दोन शालवृक्षांच्या मध्ये झाले, असे पाली परंपरा सांगते. मग याहून चांगले झाड कोणते? रोपवाटिकेतून रोप आले, वंदना झाली, खड्डा बुजवला. सगळ्यांत शेवटी माय पुढे आली. तिने एक पान दोन बोटांत धरले, उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, ‘‘हे सरई नोहोय, बाबू. कोनं सांगतलं तुमाले?’’

तिच्याकडे शालवृक्षाला सरई म्हणतात. लोक हसले. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ‘‘माय, तू चूप राय. शिकलेल्या लोकायनं आनलं हाय,’’ असे आम्ही म्हणालो. माय चूप राहिली. पुढे अकरा वर्षे तिने त्या झाडाबद्दल चकार शब्द काढला नाही.

आम्हाला लाज कशाची वाटली, हे आज प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माय बालाघाटच्या सीमेजवळच्या खेड्यातली. लहानपणापासून रानात राबलेली. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, 70 पानांचा पुडा बांधायचा आणि ठेकेदाराची शिवी खायची. सीमेपलीकडच्या जंगलात सरईची पाने तोडून पत्रावळी शिवायच्या. एरवी डोक्यावर मोळी. नागपुरात आल्यावर आम्ही शिकलो, नोकरीला लागलो. बाबासाहेबांनी लाचारीची कामे सोडा, शिका, असे सांगितले होते, ते आम्ही केले. पण पाहुण्यांसमोर मायने मोळीची गोष्ट काढली की आम्ही विषय बदलत असू. ‘‘ते सांगू नको,’’ असे तिला बजावतही असू. अशी तिची सारी विद्या आम्ही घरातल्या अडगळीत टाकली होती.

2017 साली झाडाला पहिल्यांदा फुले आली, आणि आमचे डोळे उघडले. फुले फांद्यांना आली नाहीत, थेट खोडाला आली! मोठी, गुलाबी-लाल, सुवासिक. फुलाच्या आत मध्यभागी एक गोल उंचवटा आणि त्यावर नागाच्या फणीसारखी वाकलेली झालर. दोन दिवसांत बाजूच्या वस्तीतल्या बाया परडी घेऊन विहाराच्या दारात आल्या. ‘‘तुमच्या झाडाला महादेवाची पिंड लागली म्हणतात, दोन फुलं देता का?’’ बुद्धविहाराच्या अंगणात हा प्रसंग! समितीतले जाणकार गोंधळले. मग पुस्तके धुंडाळली, तेव्हा कळले की हा कैलासपती. इंग्रजीत याला तोफेच्या गोळ्याचे झाड म्हणतात, कारण खोडाला पुढे तोफगोळ्याएवढी कठीण, गोल फळे लटकतात.

या झाडाचे मूळ घर दक्षिण अमेरिका. आपल्या भागात ते समुद्रापलीकडून माणसांनी आणले. म्हणजे तथागतांच्या काळी ते इथे असणे शक्यच नव्हते. तरी ही चूक एकट्या आमचीच नाही. श्रीलंकेत हेच झाड ‘साल’ या नावाने विहारांत लावतात आणि उपासक त्याची फुले श्रद्धेने वाहतात. अस्सल शालवृक्ष मात्र वेगळा. तो मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, झारखंड, बिहारपासून नेपाळच्या तराईपर्यंत मोठमोठी वने करून राहतो. महाराष्ट्रात मुख्यत्वे सागाची राने असल्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेलाच नसतो.

त्या रात्री आम्ही मायजवळ बसलो. ‘‘माय, आमचं चुकलं,’’ म्हणालो. ती रागावली नाही. मोतीबिंदूने तिला तोपर्यंत अंधुक दिसू लागले होते. ‘‘तुले कसं कळलं होतं?’’ असे विचारले, तेव्हा ती अर्धा तास बोलत होती. आम्ही वहीत लिहून घेतले.

सरईचे पान देठाकडे रुंद असते आणि टोकाकडे निमुळते होत जाते. ते जाड, चामड्यासारखे आणि चकचकीत, म्हणून पत्रावळीला टिकते. विहारातल्या रोपाचे पान उलट होते, देठाकडे निमुळते आणि पुढे रुंद, शिवाय फांदीच्या टोकाला झुपक्याने आलेले. जुन्या सरईची साल जाड, गडद तपकिरी, तिला वरून खाली लांब खोल भेगा. खोडाला जखम झाली की डिंक गळतो, तीच राळ, धुपात जाळतात ती. फळ लहान, त्याला पाच पंख. पावसाच्या तोंडावर वारा सुटला की ती फळे भिंगरीसारखी गरगरत खाली येतात. आणि मायने आणखी एक गोष्ट सांगितली, ‘‘सरईचं बी लय दिवस जित्तं राहत नाही. पडलं का लगेच रुजलं पायजे.’’ पुस्तकातही हेच आहे. शालवृक्षाचे बी साधारण आठवडाभरच रुजण्याजोगे राहते. शहराच्या रोपवाटिकेत त्याचे रोप सहज का मिळत नाही, हे कोडे तिने असे एका वाक्यात सोडवले.

2018 च्या हिवाळ्यात आम्ही रविवारच्या बालवर्गातली मुले आणि माय असे रामटेककडच्या रानात गेलो. मायला नीट दिसत नव्हते, म्हणून मुले पान तिच्या हातात द्यायची आणि ती बोटांनी ओळखायची. खरखरीत, सुपाएवढे पान, तो साग. त्याचे कोवळे पान चुरगळले की बोटे लाल होतात. एका देठाला तीन पाने, तो पळस. देठ तोडला की दूध येते आणि पाने फांदीच्या टोकाला गोळा झालेली, तो मोह. मग मुलांनी तिचा हात खोडांवर ठेवला. मगरीच्या पाठीसारख्या चौकोनी खपल्या, तो ऐन. काळे, चौकटी-चौकटींनी फुटलेले खोड, तो तेंदू. नाल्याच्या काठचे गुळगुळीत, पांढुरके खोड, ज्याची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते, तो अर्जुन. मुलांनी तिची फसगत करायचा पुष्कळ प्रयत्न केला. एकदाही जमले नाही.

परत येताना एका मुलीने विचारले, ‘‘आजी, हे तुले कोनत्या शाळेत शिकवलं?’’ आम्ही खाली मान घातली. शाळेच्या वयात आजी मोळी वाहत होती.

त्या प्रश्नाने आम्हाला एक गोष्ट लख्ख कळली. बाबासाहेबांनी आपल्याला लाचारी टाकायला सांगितली, अक्कल टाकायला नाही. ठेकेदाराची शिवी, गावकीचा अपमान, उपाशीपोटी वाहिलेली मोळी हे सारे गेले ते चांगलेच झाले. पण आपल्या आयाबायांनी त्या कामातून जे ज्ञान मिळवले, ते कोणी त्यांना दान दिलेले नव्हते. ते त्यांनी डोळ्यांनी, हातांनी, हजार वेळा पारखून घेतले होते. कालामांना तथागतांनी काय सांगितले? केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून मानू नका. स्वतः पाहा, तपासा. त्या दिवशी विहारात आम्ही सर्व शिकलेल्यांनी रोपवाटिकेचे ऐकीव मानले. पान उलटून पाहिले ते एकट्या मायने.

कैलासपतीचे काय करायचे यावर समितीत वाद झाला. काहीजण म्हणाले, परके झाड आहे, पिंडीच्या नावाने लोक येतात, तोडून टाका. मायला विचारले. ती म्हणाली, ‘‘झाडाचा काय गुन्हा? पाटी खोटी हाय, पाटी बदला.’’ झाड राहिले. फळे जड असतात आणि फुटली की घाण वास मारतात, म्हणून खालचा बाक तेवढा हलवला. 2018 संपता संपता नवी पाटी लागली: ‘कैलासपती. मूळ देश दक्षिण अमेरिका. हा शालवृक्ष नव्हे.’ खाली मायचे नाव घालावे, असे समितीनेच सुचवले. तिने नाही म्हटले. ‘‘नाव झाडाचं लिवा,’’ म्हणाली.

2019 साली माय गेली. तिने सांगितलेली ती वही आता बालवर्गात आहे. मुले त्यात दर रविवारी एक पान चिकटवतात आणि शेजारी खोडावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून उमटवलेला सालीचा ठसा लावतात. दारोदारी ‘अशोक’ म्हणून लावलेले उंच झाड खरा अशोक नव्हे, हेही त्यांनी शोधून काढले. त्याची पाने एकेकटी, नागमोडी कडांची आणि फुले हिरवट. खऱ्या अशोकाच्या एका देठावर पानांच्या जोड्या असतात, कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती असते आणि फुलांचे नारिंगी-लाल गुच्छ येतात.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरातही अशी एखादी माय, आजी किंवा आत्या असेल. तिने कधी रानाची, शेताची, मोळीची गोष्ट काढली तर विषय बदलू नका. मुलांना जवळ बसवा आणि वही घ्या. आम्ही अकरा वर्षे उशीर केला. तुम्ही या रविवारीच सुरुवात करा.