वारुळातले डोळे

चष्मा जाऊन सव्वा वर्ष झालं तरी माझी तर्जनी दिवसातून दहा वेळा नाकाच्या दांडीकडे जाते. फळ्यावर लिहिताना, रिक्षावाल्याशी घासाघीस करताना, आणि चिडले की तर हमखास. तिथे वर सरकवायला काहीच नसतं. बोट हवेत जरा घुटमळतं आणि ओशाळून परत येतं. चौथीत लागलेला चष्मा, पंचवीस वर्षांची सवय. वर्गातल्या पोरांनी तर त्याची नक्कलही बसवली आहे.

आम्ही सुरतेतल्या लिंबायतचे. वडील नंदुरबारकडून लूमवर कामाला आले आणि इथलेच झाले. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, धाकटा भाऊ कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात लेझर मशीनवर आहे. विमानातून उडी मारायचं खूळ माझ्या डोक्यात 2018 साली शिरलं. पुण्याच्या शीतल महाजननं थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून उडी मारली होती. तो फोटो मी वर्गात लावला. हिनंच 2004 च्या एप्रिलमध्ये उत्तर ध्रुवावर उणे 37 अंशांत उडी घेतली होती, तीही आयुष्यातली पहिलीच, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, तुम्ही मारणार?" मी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "बघू."

खरं तर चष्म्यावर उडी मारता येते. चष्म्यावरून बसणारे मोठे गॉगल मिळतात. पण माझा नंबर उणे सहा. चष्मा उडाला तर खालची जमीन मला धुक्यातल्या गोधडीसारखी दिसली असती. म्हणून आधी डोळे, मग उडी, असा क्रम मी ठरवला. हा क्रम वाटतो तितका सरळ नाही, हे डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

"कुस्ती, बॉक्सिंग, कबड्डी, यातलं काही खेळता का?" त्यांनी विचारलं. मला हसू आलं. पण प्रश्न खरा होता. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून थोडासाच जाड असतो. माझा 540 मायक्रॉन निघाला. लॅसिकमध्ये त्याचा वरचा 110 मायक्रॉनचा पापुद्रा गोल कापतात, एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवतात, वहीचं पान उलटावं तसा उलटतात, खालच्या थराला लेझरनं नवा आकार देतात आणि पान परत मिटतात. टाका नाही, काही नाही. पान आपोआप चिकटून बसतं. कड बऱ्यापैकी सांधते, पण आतला पृष्ठभाग पुन्हा पहिल्यासारखा एकजीव कधीच होत नाही. बोटाचं नख, झाडाची फांदी, गाडीतली एअरबॅग यांचा तिरपा फटका बसून तो पापुद्रा दहा-दहा वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणं आहेत.

दुसरी तऱ्हा पीआरकेची. तिच्यात पापुद्राच नसतो. वरची नाजूक त्वचा खरवडून थेट लेझर, आणि त्वचा पुन्हा उगवते. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळातल्या लोकांना बहुधा हीच सुचवतात. पण तीन-चार दिवस डोळ्यांत तिखट गेल्यासारखं होतं आणि नजर स्थिरावायला आठवडे लागतात. माझ्या दिवाळीच्या सुट्टीतले सात दिवस घरच्या फराळातच गेले होते. मी लॅसिक घेतलं. उडीचं डॉक्टरांना सांगितलंच नाही. सांगायला हवं होतं.

शस्त्रक्रियेची गोष्ट पाच मिनिटांचीच. डोळ्यावर कडं दाबून बसलं, काही सेकंद सगळं काळं झालं, मग लुकलुकणारा दिवा पसरून रांगोळीसारखा झाला. टकटक आवाज आणि जळल्याचा वास. भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आमच्यासारखंच की." त्याच्या मशीनवर हिरा कापतात तो उष्णतेनं. कापल्या कडेवर हिऱ्याचाच काळा कार्बन होतो आणि ती काजळी मग साफ करावी लागते. तसं डोळ्यात झालं तर संपलंच. डोळ्यावरचा एक्सायमर लेझर जाळत नाही, रेणूंचे बंध तोडून थर उडवतो आणि शेजारच्या पेशीला झळसुद्धा लागू देत नाही. हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते मद्रासमध्ये जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांच्या आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांच्या. 1981 च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत. श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा लेझरखाली धरला. काप स्वच्छ आला, कडा करपल्या नाहीत. उरलंसुरलं जेवण टाकू नये असं आई म्हणते त्याला हा माझा आवडता पुरावा.

एका नंबराला साधारण 12 मायक्रॉन, म्हणजे माझे गेले 72. केसाच्या जाडीएवढे. तेवढ्यात पंचवीस वर्षांचा चष्मा गेला.

मग उडीचं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत, पण त्यांचे प्रश्न मला अपेक्षित होते ते नव्हते. मला वाटत होतं, हवेच्या झोतानं पापुद्रा उडेल का. भावाच्या मित्रानं तर एव्हरेस्टवर 1996 मध्ये ज्याला दिसेनासं झालं त्या अमेरिकन डॉक्टरची, बेक वेदर्सची, गोष्ट सांगून घाबरवलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्याची शस्त्रक्रिया जुन्या पद्धतीची, पात्यानं कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देण्याची. विरळ हवेत तसा कॉर्निया आकार बदलतो. तुमचं तसं नाही, आणि तुम्ही दहा हजार फुटांवर जेमतेम काही मिनिटं असणार. झोताचीही त्यांना फार चिंता नव्हती, गॉगल नीट असेल तर. त्यांना चिंता होती डोळ्याच्या मागच्या भिंतीची. लेझरनं समोरची काच बदलते, डोळ्याची लांबी बदलत नाही. उणे सहाचा डोळा लांबटच राहतो, त्याचा मागचा पडदा, म्हणजे रेटिना, ताणलेला, कडेला विरलेला. माझ्या डाव्या डोळ्यात असा एक विरलेला तुकडा लॅसिकच्या आधीच सापडला होता आणि दुसऱ्या लेझरनं त्याच्याभोवती कुंपण घातलं होतं. "नंबर गेला, डोळा तोच आहे," ते म्हणाले. उडीच्या आधी पुन्हा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा. तीन महिने तर विचारही करायचा नाही. आणि डोळे चोळायचे नाहीत, कधीच. त्यांची नजर माझ्या तर्जनीकडे होती. ती नाकाच्या दांडीवर होती.

तीन महिन्यांनंतर फेब्रुवारी सरत आलेला, मग उन्हाळा, मग पाऊस. मी पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबले. पडदा तपासला, कुंपण शाबूत होतं. चिठ्ठी घेतली. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि तिच्या अहिराणीत विचारलं, "तुनं डोकं फिरनं का?"

सुरतेहून दिल्लीची गाडी. तासाभरात भरूच येतं आणि नर्मदेचा तो लांबलचक पूल. शेजारी 1881 चा गोल्डन ब्रिज दिसतो. इथे मी दर वेळी खिडकीशी जाते. भरूच म्हणजे भृगुकच्छ, भृगू ऋषींचं गाव. आणि मी जिथे निघाले होते ते हरियाणातलं नारनौल म्हणजे भृगूंच्या मुलाचं, च्यवनाचं. हे मला मुद्दाम जुळवावं लागलं नाही. उडी मारण्याची धावपट्टी नारनौलजवळच्या बाछोदला, आणि नारनौलच्या शेजारी ढोसीचा डोंगर, जिथे च्यवनाचा आश्रम होता असं लोक मानतात. च्यवनप्राश तिथलाच, असं तिथला प्रत्येक दुकानदार सांगतो.

पण मला च्यवनप्राशात रस नव्हता. मला आठवत होती महाभारतातली सुकन्या. तप करता करता च्यवनावर वारूळ चढलं, फक्त दोन डोळे चमकत राहिले. राजकन्या सुकन्येनं कुतूहलानं त्यात काटा खुपसला. मग राजाच्या सगळ्या सैन्याचं मलमूत्र अडलं (हा भाग मी वर्गात सांगते तेव्हा तास संपतो), आणि प्रायश्चित्त म्हणून तिचं लग्न आंधळ्या म्हाताऱ्याशी. पुढे अश्विनीकुमारांनी त्याला डोळे आणि तारुण्य दोन्ही दिलं. देवांचे वैद्य ते. त्यांनी पापुद्रा ठेवला होता की नाही, हे व्यासांनी लिहिलेलं नाही.

रतलामनंतर झोपले. दिल्लीहून गुरुग्राम, रेवाडी करत नारनौलची बस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोहरी, इतकी पिवळी की डोळे मिचकावेत. मी थेंब घातले. लॅसिकमध्ये पापुद्रा कापताना कॉर्नियाच्या नसा तुटतात आणि परत यायला महिने लागतात. तोवर डोळ्याला आपण कोरडे पडलोय हेसुद्धा नीट कळत नाही. माझे बरेचसे सुधारले होते, पण बसच्या खिडकीतला वारा अजून खुपत होता. मग विमानाच्या दारातला कसा सोसणार?

धावपट्टीवर सकाळी धुकं. दोन तास नुसतं बसणं. फॉर्मवर हृदय, पाठ, अलीकडची शस्त्रक्रिया असे प्रश्न होते. मी सगळं खरं लिहिलं आणि चिठ्ठी जोडली. मला पाठीशी बांधून घेऊन उडी मारणारा प्रशिक्षक पन्नाशीचा, मिशाळ. चिठ्ठी वाचून त्यानं तीन गॉगल आणले. एक नाकावर सैल, दुसऱ्याची कड खाली टोचत होती. तिसरा बसला. त्यानं पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाला, "हा आता तुमच्या हाताचा नाही, माझा. तुम्ही काढायचा नाही, सरकवायचा नाही." नाकाकडे निघालेलं बोट मी खाली घेतलं.

विमान लहान, कान गच्च करणारं. दहा हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीच्या सत्तर टक्क्यांइतका उरतो. थंडी शून्याच्या आसपास. दार उघडलं तेव्हा आवाजच आधी आत आला. प्रशिक्षकानं दूर बोट केलं, "तो ढोसी." पिवळ्या सपाटीतून वर आलेला करडा डोंगर. मी तो चष्म्याशिवाय पाहिला. गंमत म्हणजे भीतीच्या ऐवजी माझ्या मनात एवढंच आलं.

मग खाली काही नव्हतं.

पडल्यासारखं वाटत नाही. वाऱ्याच्या गादीवर कुणी पालथं टाकल्यासारखं वाटतं. दोघांचं वजन मिळून वेग फार वाढू नये म्हणून वर एक छोटी छत्री सोडतात, तरी ताशी 190 किलोमीटरच्या आसपास असतोच. गाल कानांकडे गेले. गॉगलच्या डाव्या खालच्या कडेतून वाऱ्याची एक थंड रेघ आत शिरली, सुईसारखी. पाणी आलं. डॉक्टरांचं आठवलं: मिटायचा, हात लावायचा नाही. डावा मिटला, उजव्यानं मोहरी पाहिली. काटा खुपसायला आलेली सुकन्या मला त्या क्षणी अगदी ओळखीची वाटली. तिला नुसतं पाहायचं होतं.

अर्ध्या मिनिटानं, पाच हजार फुटांच्या आसपास, मोठी छत्री उघडली. खांद्यांना हिसका बसला, मान मागे गेली आणि एकदम शांतता. इतकी की खालच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू आल्याचा भास झाला. हायसं वाटलं आणि, व्हायचं तेच झालं, तर्जनी निघाली. टक्. प्लास्टिकवर आपटली. मागून तो हसला. गॉगल वाऱ्यासाठी असतो असं मी समजत होते.

उतरताना पाय वर, बसकणीवर घसरत, धुळीत. गॉगलला हात घालणार तोच तो म्हणाला, "धूळ बसू द्या." आम्ही दोघं जमिनीवर तसेच बसून राहिलो, धूळ बसायची वाट पाहत. डावा डोळा लाल होता. थेंब घातले, तासाभरात निवळला. सुरतेत परत आल्यावर दाखवला, पापुद्रा जागच्या जागी होता.

दुसऱ्या दिवशी ढोसी चढले. पायऱ्यांच्या कडेनं काटेरी झुडपं वाटेवर वाकलेली. उन्हाचा म्हणून, आणि काट्यांचा म्हणूनही, मी काळा चष्मा लावला होता. बिननंबरी, चौपाटीवरचा. वर च्यवनाच्या देवळात दोन बायका जोत्यावर बसून मुळा खात होत्या. त्यांनी मलाही दिला. खाली मोहरीचे तुकडे, पलीकडे राजस्थान, आणि कुठेतरी ती धावपट्टी, जी मला सापडली नाही. आईला फोन लावला.

"डोयाले काही लागनं नही ना, माय?"

"नाही गं," म्हटलं. घामानं चष्मा घसरत होता. तर्जनी वर गेली आणि तिनं तो नीट वर सरकवला.