दोन वाटा

१० जून
नवं स्टोरेज रॅकमध्ये चढलं. नव्या मुलाने विचारलं, "मॅडम, शेअर्ड फोल्डरच ना हे?" नाही रे, हे आयस्कझीवर चालतं. फोल्डरमध्ये आपण फाइल मागतो, आयस्कझीत डिस्कचे ब्लॉक. जुनेच स्कझी हुकूम, टीसीपीवर लादून नेटवर्कमधून धाडलेले. मागणारा इनिशिएटर, देणारा टार्गेट, पोर्ट ३२६०. सर्व्हरला वाटतं, डिस्क आपल्याच पोटात आहे. म्हणूनच एक लन, म्हणजे स्टोरेजने देऊ केलेली एक डिस्क, दोन सर्व्हरना देऊन दोन्हीकडे साधी फाइल सिस्टिम चढवली, तर एकाचं लिहिलेलं दुसरा पुसतो.

११ जून
आज एकच केबल जोडली. पिंग गेलं, लॉगिन झालं, डिस्क यादीत आली, आकारही बरोबर. मुलगा खूश. फॉरमॅट करायला घेतली आणि सगळं थिजलं. लॉगमध्ये टाइमआउट, पुन्हा लॉगिन, पुन्हा टाइमआउट. केबल बदलली, पोर्ट बदलला. रात्री साडेनऊला घरी.

१२ जून
सापडलं. सर्व्हर आणि स्टोरेज, दोन्हीकडे एमटीयू, म्हणजे एका खेपेत मावणारे बाइट, ९०००. मधला स्विच १५००वरच. तो मीच सेट केला होता, म्हणजे बोलणार कोणाला? नाव, आकार हे निरोप छोटे, ते सुखरूप पोचतात. खरा डेटा निघाला की मोठी फ्रेम स्विच गुपचूप टाकून देतो, कुणाला कळवतही नाही. 'तुकडे करू नको' असं बजावून ८९७२ बाइटचं पिंग पाठवलं : सामसूम. १४७२चं पाठवलं : लगेच उत्तर. (आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट धरले की ९००० आणि १५०० भरतात.) स्विच सुधारला, फॉरमॅट झालं. कालच हे मोठं पिंग केलं असतं, तर जेवण गरम मिळालं असतं.

१३ जून
दुसरी वाट जोडली. वेगळं कार्ड, वेगळा स्विच, वेगळा सबनेट, वर दोन्ही वाटा सांभाळणारं मल्टिपाथ. आधी ८९७२चं पिंग, मग बाकीचं. कॉपी चालू असताना मुलाला म्हटलं, "ओढ केबल." त्याचा हात पुढे होईना, मग मीच ओढली. कॉपी काही सेकंद अडखळली आणि दुसऱ्या वाटेने पुढे निघाली.

१४ जून
सकाळी मुलगा रॅकच्या मागे वाकून पॉवरच्या वायरी चाचपत होता. "मॅडम, दोन्ही स्विच एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आहेत."